पाऊस महिनाभर रजेवर गेला तेव्हा...

ऑगस्टमधलं लख्ख ऊन म्हणजे आपल्यासाठी ट्रेकचा वीकेंड! पण त्याच चार आठवड्यांत कुणाचं तरी अख्खं वर्ष हातचं जातं. या 'झटपट दुष्काळा'ची झळ हिंजवडीच्या क्युबिकलपर्यंत आणि तुमच्या-आमच्या ईएमआयपर्यंत कशी पोचते, त्याची ही गोष्ट...

ऑगस्ट २०२३. पुणे. शनिवारची सकाळ. मी कर्वेनगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कॉफीचा मग घेऊन उभी होते. समोर निळंशार आकाश, दोरीवरचे कपडे चक्क एका दिवसात वाळलेले, आणि व्हॉट्सअॅपवर कॉलेजच्या ग्रुपचे धडाधड मेसेज. 'राजमाची की तिकोना?'

'काय मस्त वेदर आहे ना!' मी आत वळून ओरडले.

माझी रूममेट डायनिंग टेबलवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होती. तिच्या फोनमध्ये हवामानाची तीन वेगवेगळी अॅप्स आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. तिने तिसरं अॅप बंद केलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही.

आम्ही दोघी तेव्हा दीड वर्ष एकत्र राहत होतो. ती हिंजवडीत एका आयटी कंपनीत टेस्टर. मूळची बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातली. वडिलांची चार एकर शेती, धाकटा भाऊ लातूरला 'नीट'च्या क्लासला. (नाव छापायचं नाही, या एकाच अटीवर तिने मला हे सगळं लिहू दिलंय.) आणि मी? मास कॉम करून फ्रीलान्सिंग करणारी, आज रेस्टॉरंट रिव्ह्यू तर उद्या सेलिब्रिटी इंटरव्ह्यू! पावसाशी माझा संबंध काय, तर ओला पडणाऱ्या रेनकोटचा आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकचा.

त्या शनिवारी मी तिकोन्याला गेले. फोटो झकास आले. सोमवारी रूममेट म्हणाली, 'राखीला घरी चाललेय. येतेस?'

गेले. आणि तिकडे जे पाहिलं, त्याला इंग्रजीत एक चकचकीत नाव आहे हे मला नंतर समजलं. 'फ्लॅश ड्रॉट'. आपण त्याला झटपट दुष्काळ म्हणू या.

हिरवा दिसणारा दुष्काळ

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भेगाळलेली जमीन, हंड्यांची रांग, टँकर, हाडं वर आलेली जनावरं. आजी-आजोबा सांगतात तो १९७२चा दुष्काळ. किंवा आपल्या आठवणीतला २०१६चा उन्हाळा, जेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि कोर्टाच्या आदेशानंतर आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर गेल्या. हा दुष्काळ हळूहळू येतो. एक पावसाळा वाया जातो, कधी दोन. धरणं आटतात, विहिरी आटतात. सगळ्यांना तो येताना दिसतो.

मी अंबाजोगाईला उतरले तेव्हा बसच्या खिडकीतून सगळं हिरवंच दिसत होतं. मी मूर्खासारखी म्हणालेसुद्धा, 'इथे तर छान आहे गं!'

रूममेटचे वडील आम्हाला शेतावर घेऊन गेले. सकाळचे अकरा वाजले होते. सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं. पण पानं अशी मिटलेली, जणू कुणी मुठीत चुरगाळून सोडलीयत. काकांनी एक झाड हलवलं तर वाळकी फुलं खाली पडली. काळ्या जमिनीत माझं बोट सहज जाईल एवढी भेग होती, आणि तीही ऐन श्रावणात!

'दुष्काळ म्हणजे कसा, येताना दिसतो माय,' काका म्हणाले. 'हा दिसलाच नाही बघ. जुलैत आम्ही तण काढून काढून दमलो होतो.'

त्यांच्याकडे पेरणी जुलैच्या सुरुवातीला झाली होती, कारण त्या वर्षी मान्सूनच उशिरा आला. नंतर जुलैत पाऊस बरा झाला. अधिक श्रावण सुरू झाला तेव्हा शेत हिरवंगार होतं. निज श्रावण लागेपर्यंत पाऊस गायब! आणि सोयाबीनला नेमकं ऑगस्टमध्येच पाणी लागतं, कारण तेव्हा ते फुलोऱ्यात असतं. शंभरेक दिवसांचं पीक. त्यातले हेच तीन-चार आठवडे सगळा निकाल ठरवतात. फूल गळलं की शेंग नाही, शेंग लागली तरी दाणा भरत नाही. नंतर कितीही पाऊस पडू दे, गळलेलं फूल परत लागत नाही.

मातीचं सेव्हिंग अकाउंट

पुण्याला परत आल्यावर मी वाचायला सुरुवात केली. सायन्सचा आणि माझा संबंध दहावीनंतर तुटला होता. पण हा फंडा आपल्यासारख्या पगारदार माणसांना पटकन कळेल असाच आहे.

शेतातली माती म्हणजे एक सेव्हिंग अकाउंट समजा. पाऊस म्हणजे क्रेडिट. पिकं मुळांवाटे पाणी ओढतात आणि ऊन-वारा जमिनीतून पाणी उडवतो, हे झालं डेबिट. नेहमीच्या दुष्काळात काय होतं? पगार कमी येतो, बॅलन्स महिनोन्‌महिने घटत जातो. झटपट दुष्काळात मात्र पगार अचानक बंद होतो आणि त्याच महिन्यात खर्च दुप्पट होतो! ढग नाहीत म्हणून ऊन कडक. ऊन कडक म्हणून हवा गरम. गरम हवा कोरडी आणि तहानलेली. ती जमिनीतून आणि पानांतून पाणी शोषत राहते. वरच्या थरातला ओलावा दोन-चार आठवड्यांत संपतो.

यात क्लायमेट चेंज कुठे आला? नेमका त्या 'खर्चा'च्या बाजूला. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की तिची पाण्याची वाफ धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस थांबला की तापलेली हवा पूर्वीपेक्षा वेगाने जमीन कोरडी करते. पावसाळ्यात खंड पूर्वीही पडायचे. आपल्या आज्यांना ते ठाऊक होते. आता तेवढाच खंड जास्त महागात पडतो.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०००च्या सुमारास हा शब्द वापरायला सुरुवात केली. तिथे २०१२ मध्ये अशाच दुष्काळाने मक्याचा पट्टा उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत करपवला; नुकसान ३० अब्ज डॉलरच्या वर गेलं. एप्रिल २०२३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाने सांगितलं, की गेल्या सहा दशकांत जगाच्या बहुतेक भागांत दुष्काळ हळू येण्याऐवजी असे झपाट्याने येऊ लागलेत.

आणि भारत? आयआयटी गांधीनगरचे विमल मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यावर पेपर लिहिला. त्यांच्या मते आपल्याकडचा सगळ्यात वाईट झटपट दुष्काळ १९७९चा. तापमान असंच वाढत राहिलं, तर या शतकाच्या अखेरीस तसल्या घटना सुमारे सातपट वाढू शकतात. लक्षात घ्या, आपल्याकडे हा प्रकार भर पावसाळ्यात येतो. बाकी जगाच्या मानाने आपली खरी गोची हीच आहे.

९४ टक्क्यांची गंमत

तुमच्या बॉसने अॅप्रेझलला सांगितलं, 'वर्षभराची सरासरी काढली तर तुझा पगार जवळजवळ पूर्ण दिलाय. ऑगस्टमध्ये थोडा कमी दिला, एवढंच,' तर तुम्ही काय कराल? घरभाडं ऑगस्टमध्येही भरायचं असतं ना!

२०२३च्या मान्सूनचं अगदी हेच झालं. देशभरात जूनमध्ये सरासरीच्या ९१ टक्के पाऊस झाला, जुलैत ११३ टक्के, सप्टेंबरमध्ये पुन्हा ११३ टक्के. आणि ऑगस्टमध्ये? फक्त ६४ टक्के! १९०१ पासूनचा हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जागा झाला होता. पण चार महिन्यांची बेरीज केली, तर मोसमाचा एकूण पाऊस निघतो ९४ टक्के. कागदावर 'सरासरीपेक्षा किंचित कमी'.

म्हणजे चारपैकी दोन महिन्यांत जास्त पाऊस झाला, आणि तरीही काकांचं पीक गेलं. सरासरी काढून पीक येत नाही. रोपट्याला जुलैचं पाणी ऑगस्टसाठी साठवून ठेवता येत नाही आणि सप्टेंबरकडून उधार घेता येत नाही.

> आकड्यांतला ऑगस्ट २०२३
> • देशातला पाऊस : १६२.७ मिलिमीटर
> • ऑगस्टची सरासरी : २५४.९ मिलिमीटर
> • तूट : सुमारे ३६ टक्के
> • महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झाला : ३१ ऑक्टोबरला, १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत
> • नंतर नोव्हेंबरमध्ये दुष्काळसदृश ठरलेली महसूल मंडळं : १०२१

वहीतला हिशेब

काकांची एक वही आहे. शंभर पानी, कव्हरवर कुठल्याशा कृषी सेवा केंद्राची जाहिरात. बियाणं, खत, पेरणीच्या ट्रॅक्टरचं भाडं, तणनाशक, दोन फवारण्या, खुरपणीची मजुरी. चार एकरांचा खर्च काढणीआधीच पाऊण लाखाच्या पुढे गेला होता. बऱ्या वर्षात त्यांना तीसेक क्विंटल सोयाबीन होतं. त्या वर्षी झालं अकरा. भाव साडेचार हजारांच्या आसपास. गुणाकार तुम्हीच करा. काकांनी वहीत तो केलाच नव्हता. पान तसंच कोरं सोडलं होतं.

'विहिरीला पाणी होतं ना?' मी विचारलं होतं.

'होतं की. दोन तास मोटार चालंल एवढं. अन् लाइट रातच्याला.'

रात्री जागून त्यांनी एक एकर भिजवलं. त्या एका एकरातच शेंगा जरा भरल्या. बाकीच्या तीन एकरांत नुसत्या चपट्या.

हा फटका शेतमालकापाशी थांबत नाही, हे मला काकूंनी दाखवलं. गावातल्या ज्या बायका सोयाबीन काढणीला जातात, त्यांच्यासाठी ते तीन आठवडे म्हणजे दिवाळीचा बोनस. काढायला सोयाबीनच नाही तर मजुरी कसली? त्यांचं नुकसान कुठल्याही पंचनाम्यात येत नाही, कारण त्यांच्या नावावर शेतच नाही. त्यांना विमा नाही, अनुदान नाही.

मग उरतो कोयता. बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम आगाऊ उचल देतो आणि जोडपं सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातं. खरीप बरं झालं तर काही घरं ठरवतात, या वर्षी नको जायला. खरीप गेलं की उचल घ्यावीच लागते. मुलं सोबत गेली तर शाळा बुडते. वयात आलेली मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. ऑगस्टमध्ये न पडलेला पाऊस फेब्रुवारीत एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मांडवात असा पोचतो. हवामान खात्याच्या कुठल्याही नकाशात हे दिसत नाही.

आणि एक आकडा, जो लिहिताना हात थांबतो. २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात हजाराहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकामागे कारणं अनेक असतात. कर्ज, भाव, आजारपण, घरातलं टेन्शन. एकट्या पावसावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण आधीच काठावर उभ्या असलेल्या माणसाला तीन आठवड्यांचा धक्का पुरतो.

तिचा पगार हाच पीक विमा

आता माझी कबुली.

त्या सप्टेंबरमध्ये रूममेटने घरभाड्याचा तिचा वाटा दोन आठवडे उशिरा दिला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा. मी तिला जरा टाकूनच बोलले. 'तुला तर महिन्याच्या महिन्याला पगार येतो गं, माझ्यासारखं इन्व्हॉइसच्या मागे धावायला लागत नाही!' असं काहीतरी. ती सॉरी म्हणाली. बस.

मला नंतर कळलं की भावाच्या क्लासचा दुसरा हप्ता तिने भरला होता. मेसचे पैसे ती पाठवत होती. रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं तिच्या क्रेडिट कार्डवर आलं होतं. त्या वर्षी ती पार्ट टाइम एमबीएला अॅडमिशन घेणार होती. फॉर्म भरलेला, एंट्रन्स झालेली. त्यासाठी तीन वर्षं थोडी थोडी करून केलेली एफडी तिने ऑक्टोबरमध्ये मोडली. मला म्हणाली, 'एमबीए काय, पुढच्या वर्षीपण करता येतं. नीटचं वर्ष गेलं तर गेलं.'

मी गावाला जाऊन आले होते, शेत पाहिलं होतं, वही पाहिली होती. तरीही भाड्याच्या उशिराचा आणि त्या वाळक्या फुलांचा संबंध माझ्या डोक्यात लागला नव्हता.

तुमच्या ऑफिसमध्ये जरा आजूबाजूला पाहा. शेजारच्या डेस्कवरचा तो मुलगा, जो टीम लंचला दर वेळी काहीतरी कारण काढतो. ती मुलगी, जी गोव्याच्या ट्रिपला ऐन वेळी 'नाही जमत यार' म्हणते. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांमध्ये मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली पहिल्या पिढीची नोकरदार मुलं-मुली भरपूर आहेत. त्यांचा पगार हाच त्यांच्या घरचा खरा पीक विमा असतो. आणि त्याचा प्रीमियम त्यांच्या स्वतःच्या स्वप्नांतून कापला जातो.

झळ आपल्या ताटात

'माझं गावच नाही, मला काय त्याचं?' असं वाटत असेल, तर जरा थांबा. तुमचा ईएमआय चालू आहे ना?

२०२३च्या पावसाची धास्ती सरकारनेही घेतली होती. जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं आणि डिसेंबरमध्ये कांद्याची निर्यातच बंद, ती थेट मे २०२४ पर्यंत. का? शहरात कांदा महागू नये म्हणून! म्हणजे आपली भजी स्वस्त राहावीत यासाठी नाशिकच्या शेतकऱ्याला दोनदा मार. आधी पावसाने पीक कमी केलं. आणि जे हाती लागलं त्याला चढा भाव मिळायची वेळ आली, तेव्हा दार बंद.

डाळींचंही तेच. मूग-उडीद ही कमी दिवसांची, पूर्णपणे पावसावरची पिकं. २०२३ संपताना डाळींची महागाई वीस टक्क्यांच्या आसपास होती. तुमच्या मेसवाल्या काकूंनी तेव्हा वरण पातळ केलं असेल, तर त्यात त्यांचा दोष नव्हता.

आणि ईएमआय? रिझर्व्ह बँकेने रेपो रेट फेब्रुवारी २०२३ पासून साडेसहा टक्क्यांवर जो ठेवला, तो फेब्रुवारी २०२५ पर्यंत हलवला नाही. खाद्यपदार्थांची न आटोपणारी महागाई हे बँकेने पुन्हा पुन्हा सांगितलेलं एक मोठं कारण. तेव्हा घरकर्ज घेतलेल्या आपल्या मित्रमंडळींनी दोन वर्षं जो चढा हप्ता भरला, त्यात थोडा वाटा या लहरी पावसाचाही होता.

पाण्याचं तर विचारूच नका. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी पाणी सोडण्यावरून दोन विभाग एकमेकांसमोर उभे राहिले. पुढे मार्च २०२४ मध्ये आपल्या सगळ्यांच्या ड्रीम जॉबचं शहर, बेंगळुरू, कोरडं पडलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड! तिथल्या माझ्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत पाण्याचे टाइमटेबल लिफ्टमध्ये चिकटवले होते. बेंगळुरूची टंचाई एका ऑगस्टमुळे आली नाही. बुजवलेले तलाव आणि अमाप बोअरवेल यांचाही त्यात वाटा आहे. पण आधीच्या पावसाळ्यातली तूट हे त्याचं निमित्त ठरलं.

दुष्काळ फास्ट, फाइल स्लो

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. फुलं ऑगस्टमध्ये गळली. दुष्काळ जाहीर झाला ३१ ऑक्टोबरला. मधल्या दोन महिन्यांत सप्टेंबरचा पाऊस येऊन गेला आणि शेतं वरून पुन्हा हिरवी दिसू लागली. पाहणीला येणाऱ्या माणसाला काय दिसणार?

यात कुणा एका साहेबाची चूक नाही. नियमच संथ दुष्काळासाठी बनलेत. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत आधी पावसाची तूट आणि खंड, मग पीक, जमिनीतला ओलावा, भूजल आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणी, अशा पायऱ्या आहेत. वर्षभर रेंगाळणाऱ्या दुष्काळासाठी हे ठीक आहे. तीन आठवड्यांत काम उरकून जाणाऱ्या दुष्काळासाठी? फायर ब्रिगेडला पत्र पाठवून बोलावल्यासारखं!

पीक विम्यात तेव्हा एक चांगली तरतूद होती. पावसात मोठा खंड पडून अपेक्षित उत्पादन निम्म्याहून खाली जाणार असं दिसलं, तर भरपाईतले २५ टक्के आधी द्यायचे. गावात याला 'अग्रिम' म्हणतात. त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा होता (ती योजना २०२५ मध्ये बंद झाली). काकांना अग्रिमाचे काही हजार दिवाळीच्या आगेमागे मिळाले. उपयोग झाला, नाही असं नाही. पण पैसे लागतात ते डिझेल आणि स्प्रिंकलरसाठी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पीक अजून वाचवता येत असताना.

मग उपाय?

काकांच्या शेतात एक गोष्ट मात्र तगली होती. सोयाबीनच्या दर काही ओळींनंतर त्यांनी तुरीची एक ओळ पेरली होती. जुनीच पद्धत. तुरीचं मूळ खोल जातं, पीक सहा महिन्यांचं. ऑगस्टचा खंड तिने सोसला आणि सप्टेंबरच्या पावसावर ती फुलली. त्या वर्षी तुरीला भावही बरा मिळाला. त्यावरच घर चाललं.

दुसरी गोष्ट, रुंद वरंबा-सरी. यंत्राने गादीवाफ्यासारख्या वरंब्यांवर पेरणी करायची. जास्त पावसात पाणी सरीतून निघून जातं, खंडात सरीत मुरलेला ओलावा उपयोगी पडतो. तिसरी, शेततळं आणि तुषार संच. फुलोऱ्यात एक-दोन संरक्षित पाणी देता आलं तरी पीक वाचतं, हे काकांच्या त्या भिजवलेल्या एका एकराने सिद्धच केलं. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही. प्रश्न पैशाचा आणि वेळेचा आहे.

> आणि आपण?
> • ऑगस्टमध्ये सलग दहा-बारा दिवस कोरडे गेले, तर गावाकडच्या सहकाऱ्याला एकदा विचारा, 'घरी कसं आहे?' सल्ला देऊ नका. नुसतं विचारा.
> • टीममध्ये कुणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटी किंवा पगाराचा अॅडव्हान्स मागितला, तर लगेच 'प्लॅनिंग नाही' असा शेरा मारू नका. एचआरवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी!
> • कांदा-डाळ महागली की सोशल मीडियावर बोंब मारण्याआधी आठवा, स्वस्ताईचं बिल कुणीतरी भरत असतं.
> • हवामान खात्याचा दर आठवड्याचा अंदाज वाचायची सवय लावा. ट्रेकसाठीही उपयोगी पडतोच की!
> • सोसायटीत पावसाचं पाणी मुरवायची सोय आहे का, आणि ती चालते का, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारा.

ता. क.

रूममेटच्या भावाला २०२४ मध्ये मेडिकलची सीट मिळाली नाही. तो आता बीएस्सी अॅग्री करतोय. 'निदान वहीतला गुणाकार तरी करेल,' असं काका म्हणतात. ती स्वतः एका वर्षाऐवजी दोन वर्षांनी एमबीएला लागली. आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये, मराठवाड्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा, त्याच चार एकरांतलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. तापलेली हवा एकीकडे जमीन पटकन कोरडी करते; दुसरीकडे जास्त वाफ साठवून एकदम रिती होते. दोन्ही टोकं एकाच शेतात, दोन वर्षांच्या अंतराने!

आम्ही अजूनही एकत्र राहतो. भाड्याचा विषय निघत नाही. मी हल्ली ते दोन आठवडे पुढे-मागे धरूनच चालते. माझ्या फोनमध्येही आता हवामानाचं एक अॅप आहे. त्यात दोन शहरं सेव्ह केलीयत. पुणे आणि अंबाजोगाई.

ऑगस्टमध्ये सकाळी लख्ख ऊन पडलं की मला अजूनही बाल्कनीत जाऊन कॉफी प्यायला आवडतं. फक्त 'मस्त वेदर आहे ना!' म्हणायच्या आधी मी दुसऱ्या शहराचं पान उघडून बघते.